कसालच्या तिठ्यावर बारा व्होल्टांचा हिशेब

पाऊस थांबलाय, पण पत्रे अजून गळताहेत. श्रावणातलं ऊन पडतं आणि कसालच्या तिठ्यावरच्या डांबरातून वाफ उठायला लागते. गोव्याकडे निघालेला कंटेनर रस्त्यावरचं पाणी दोन्ही बाजूंना उडवत जातो. मालवणहून आलेली एसटी वळण घेते. कंडक्टर दारातूनच "कणकवली, कणकवली" ओरडतो. चार माणसं चढतात, एक टोपली आणि दोन म्हाताऱ्या उतरतात.

हा राष्ट्रीय महामार्ग ६६. इथली जुनी माणसं त्याला अजून सतराच म्हणतात. उत्तरेला कणकवली, दक्षिणेला ओरोस आणि मग कुडाळ. पश्चिमेला फुटणारा फाटा कट्टा, कुंभारमाठ करत तीसेक किलोमीटरवर मालवणच्या समुद्राला लागतो. घाटावरून उतरलेला भाजीचा टेम्पो, बंदरावरून निघालेली मासळीची पिकअप, ओरोसच्या कचेरीत चाललेली जीप, तारकर्लीचे पर्यटक, स्टेशनवरून चाकरमान्यांना आणायला गेलेली व्हॅन, सगळ्यांना हा तिठा लागतो. त्यातली काही वाहनं इथेच कुरकुरतात.

रस्त्याच्या कडेला चिऱ्याच्या दोन खोल्या आहेत. पुढे पत्र्याची पडवी. वर रंग उडालेला फलक: सेल्फ, डायनामो, वायरिंग, बॅटरी चार्जिंग. फलकाखाली लिंबू-मिरची. अंगणात लाल चिखल, त्यात टायरांचे चर, चरांत पाणी. पाण्यावर तेलाचे रंग.

रांग म्हणावी अशी रांग नाही, पण प्रत्येकाला आपला नंबर ठाऊक आहे. सर्वांत पुढे रिक्षा, तिचा सेल्फ घेत नाही. तिच्यामागे पांढरी व्हॅन. मग मासळीची पिकअप, मागचे दोन्ही लाइट बंद. नारळी पौर्णिमा होऊन गेलीय, होड्या पुन्हा पाण्यात आहेत, त्यामुळे पिकअपवाल्याला थांबायला वेळ नाही आणि तो थांबलाय. शेवटी चिऱ्यांचा डंपर, अर्धा रस्त्यावर, अर्धा अंगणात. त्याचा हॉर्न एकदा वाजला की बंद होत नाही, म्हणून ड्रायव्हरने हॉर्नची वायरच काढून ठेवलीय. डंपर मुका उभा आहे.

आत वास येतो तो सोल्डरच्या राळेचा आणि बॅटरीच्या आम्लाचा. भिंतीला खिळ्यांवर वायरींची भेंडोळी, लाल, काळी, पिवळी, हिरवी. बाकड्यावर उघडलेला डायनामो, त्याचं तांब्याचं गुंडाळण काळं पडलेलं. एका डब्यात जुने कार्बन, झिजून नखाएवढे राहिलेले. दुसऱ्या डब्यात फ्यूज, रंगांनुसार लावलेले: लाल दहाचे, निळे पंधराचे, पिवळे वीसचे, हिरवे तीसचे. कोपऱ्यात चार बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात, त्यांतून बारीक फसफस ऐकू येते. छताच्या पंख्याने हवा हलते, थंड होत नाही. बनियन पाठीला चिकटतं.

मिस्त्री पन्नाशी ओलांडलेला. कपाळावर चष्मा, कानामागे पेन्सिल. रिक्षाचा सेल्फ उतरवून पोराच्या हातात देतो. कार्बन बदलायचे आहेत, ते काम पोराला येतं. मग तो हात पुसत व्हॅनकडे जातो.

"काय झाला?"

"पंखो फिरणा नाय," ड्रायव्हर म्हणतो. "हीटरचो."

पडवीतल्या बाकावर बसलेला रिक्षावाला हसतो. कोकणात हीटर! मे महिन्यात घामाच्या धारा, डिसेंबरातही पहाटेपुरती चादर. व्हॅनच्या डॅशबोर्डवरचा निळ्या-लाल पट्टीचा खटका इथे वर्षानुवर्षं निळ्याच टोकाला असतो. हसू येणारच.

ड्रायव्हर हसत नाही. तो पुढची काच दाखवतो. आतून ती पांढरी झालेली. मधे हाताने पुसलेला एक गोल आणि त्या गोलातही बोटांचे फराटे. "रात्री बांबोळीक पेशंट घेवन जातंय. पुढे ट्रक, वरसून पाऊस. कायच दिसणा नाय. एका हातान स्टेअरिंग, एका हातान फडको."

आता कोणी हसत नाही. गोव्याचं बांबोळीचं हॉस्पिटल इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. रात्रीची ती वाटही.

काच का भरते ते पावसाळ्यात गाडीत बसलेल्या कोणालाही कळतं. सात-आठ माणसं, भिजलेले कपडे, ओल्या छत्र्या, बंद खिडक्या. ३० अंशांच्या हवेत घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं. २५ अंशांना ते २३ ग्रॅमवर येतं. बाहेरून पावसाने काच गार केलेली असते. तिला टेकणाऱ्या हवेला उरलेलं पाणी सोडावंच लागतं, आणि ते काचेवर बसतं. ज्या व्हॅनमध्ये एसी नाही तिथे यावर एकच उपाय. इंजिन गार ठेवणारं पाणी ऐंशी-नव्वद अंशांनी फिरत असतं. त्यातलं थोडं डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून जातं. पंखा त्याच्यावरून हवा ढकलून काचेवर सोडतो. काच जराशी तापते, धुकं जातं. पाणी फुकट, ऊब फुकट. फक्त पंखा फिरायला हवा.

मिस्त्री अजून पाना हातात घेत नाही. विचारतो.

"सगळ्या नंबरार बंद? काय चारार फिरता?"

"खंयच्याच नंबरार नाय."

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात अर्धी तपासणी आहे. एक, दोन, तीन या नंबरांना करंट रेझिस्टन्सच्या पट्टीतून जातो. चारावर पट्टी वगळून थेट जातो. चारावर फिरतो आणि बाकीवर नाही, तर पट्टी गेली. इथे चारही मेलेत. म्हणजे चौघांच्या वाटेत जे सामाईक आहे, तिथे बघायचं.

"कधीच फिरणा नाय?"

"गाडी खड्ड्यात आपटली काय फिरता. मगे परत बंद."

मिस्त्री मान हलवतो. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर येतो.

सीटवर एक खोका आहे. नवीन मोटर. प्लॅस्टिकचं सील तसंच. ड्रायव्हर तो पुढे करतो. "कुणीतरी सांगल्यान मोटरच गेली म्हणान. कुडाळसून घेवन इलंय. घालून टाक."

"थांब रे. सील फोडू नको. आधी बघूया खरीच गेली काय ता."

"तसा नसात तर डायरेक्ट मार. माका मोकळो कर."

डायरेक्ट मारणं म्हणजे बॅटरीवरून एक जाड वायर ओढायची, मधे साधा खटका टाकायचा, बाकीची सगळी वाट सोडून द्यायची. वीस मिनिटांचं काम. महामार्गाच्या कडेला असे खटके अनेक डॅशबोर्डांखाली लोंबताना दिसतात. काहींच्या वाटेत फ्यूजही नसतो.

"मारतंय," मिस्त्री म्हणतो. "उद्या धूर इलो तर माझ्या नावान बोंब मारू नको."

ड्रायव्हर गप्प बसतो. शेजारी बाकावर एक बाई बसलीय, मांडीवर पिशवी, पिशवीतून अळूची पानं डोकावताहेत. ती याच व्हॅनने आलीय आणि तिला कुडाळला जायचंय. "मिस्त्रीनू, किती वेळ लागतलो?"

"वयनी, अर्धो तास बसा."

ती उसासा टाकते आणि छत्री उघडून वाळत ठेवते. अर्धा तास म्हणजे किती, हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

आता काम सुरू होतं. किल्ली फिरते, इंजिन बंदच. पंख्याचा खटका चारावर. स्टेअरिंगखालचं झाकण निघतं. मिस्त्री बोट आत घालून रिले धरतो आणि पोराला किल्ली बंद-चालू करायला सांगतो. टक्. बोटाला जाणवतं, कानालाही. रिले उठतोय.

मग फ्यूज. फ्यूज ड्रायव्हरने बदललाय, नवा आहे. मिस्त्री तो काढत नाही. टेस्ट लॅम्प घेतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीला घासून टोकदार केलेली सळई. एवढंच हत्यार. चिमटा बॅटरीच्या मायनसला, सळई फ्यूजच्या पाठीवरच्या दोन बारीक भोकांवर आळीपाळीने. दोन्हीकडे बल्ब लख्ख लागतो. फ्यूज शाबूत.

डावीकडच्या सीटपुढे तो चिखलातच पाठीवर आडवा होतो. डोकं पायदानात, पाय बाहेर. पायांवर पुन्हा थेंब पडायला लागतात. पोर प्लॅस्टिकचा कागद आणून त्याच्या गुडघ्यांवर टाकतं. आतून आवाज येतो, "बॅटरी धर." टॉर्चला इथे बॅटरीच म्हणतात. पोर टॉर्च धरतं.

मोटरचा कपलर निघतो. दोन वायरी, एक जाड निळी, एक काळी. मिस्त्री मीटरच्या दोन सुया कपलरच्या दोन पिनांत घालतो. आकडा येतो १२.४.

"बारा इले मा!" ड्रायव्हर ओरडतो. "मगे मोटरच गेलेली."

इथे माणसं फसतात. मोटरपर्यंत बारा व्होल्ट आले, मोटर फिरत नाही, म्हणजे मोटर मेली, हा हिशेब बिनचूक वाटतो. या हिशेबावर नव्या मोटरी विकल्या जातात.

मिस्त्री काही बोलत नाही. मीटर काढतो, त्याच दोन पिनांत टेस्ट लॅम्प लावतो. बल्ब लागतो. पण मघासारखा नाही. पिवळट लागतो. पोर टॉर्च बंद करतं, म्हणजे नीट दिसावं. पिवळटच.

मीटर आणि बल्ब यांच्यातला फरक हाच. मीटर स्वतः करंट जवळपास पीतच नाही. त्याच्या आतला रोध १ कोटी ओहम, म्हणजे बारा व्होल्टांवर तो एका अँपियरचा दहा लाखावा भाग कसाबसा घेतो. एवढ्याशा करंटला वाटेतली अडचण जाणवत नाही. गंजलेली, एका तारेवर तग धरून राहिलेली वाटही मीटरला बाराच दाखवते. बल्ब पावणेदोन अँपियर मागतो. मागणी आली की अडचण उघडी पडते. आणि पंखा पूर्ण जोरात पंधराच्या आसपास अँपियर मागतो.

"इले बारा," मिस्त्री आतूनच म्हणतो, "पण ह्ये कामाचे बारा न्हय."

तरी मोटरची खात्री हवी. बॅटरीवरून दोन लांब वायरी येतात, मोटरच्या टोकांना टेकतात. ठिणगी उडते. आणि डॅशबोर्डच्या जाळ्यांतून वारा सुटतो. वाऱ्याबरोबर धूळ, आंब्याच्या सुक्या पानांचे तुकडे, एक मेलेलं झुरळ आणि केव्हाचं तरी पार्किंगचं तिकीट. ड्रायव्हर तोंड फिरवतो. मोटर घुमते आहे, सरळ, कुरकुर न करता. खोका सीटवर तसाच राहतो.

मधेच पाऊस कोसळतो. पत्र्यावरचा आवाज इतका की बोलणं थांबतं. सगळे पडवीच्या भिंतीला टेकतात. शेजारच्या टपरीतून पोऱ्या चहा घेऊन धावतो, ग्लासांवर हात धरून. कांदाभजी येते, पेपराच्या तुकड्यावर. पिकअपवाला मोबाइल बघतो, पुन्हा खिशात टाकतो, पुन्हा बघतो. त्याच्या गाडीतल्या बर्फाचं पाणी मागून ठिबकतंय आणि पावसाच्या पाण्यात मिसळतंय. एक मांजर तेवढ्यात अचूक त्या ठिबकणीखाली येऊन बसलंय. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो इथे. पावसाचं कोणाला काही वाटत नाही. थांबण्याचं वाटतं.

"गणपतीच्या आधी गाडी ठीक व्हयी," ड्रायव्हर म्हणतो. "रोज दोन फेरये आसत स्टेशनार. रात्रीची गाडी तीनाक येता, चाराक येता. मुंबैची माणसा. एसी नाय म्हणान कुरकुरतत, आणि काच पुसूक सांगलय तर हसतत."

पाऊस ओसरतो. मिस्त्री चहाचा ग्लास खिडकीत ठेवतो आणि पुन्हा आडवा होतो. आता कपलर मोटरला परत जोडलेला. खटका चारावर. मोटर फिरत नाही, नुसतं बारीक कण्हल्यासारखा आवाज. हाच तपासणीचा क्षण. बिघाड जिवंत असताना मोजायचं. मीटरची काळी वायर लांब करून बॅटरीच्या मायनसला बांधलीय. लाल सुई कपलरच्या पाठीमागून, वायर न सोलता आत सरकते.

"लिही."

पोर खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहितं. पेन्सिल मिस्त्रीच्या कानामागची.

बॅटरी, १२.३.

मोटरची निळी वायर, १२.०.

मोटरची काळी वायर, ८.२.

पोर आकडा पुन्हा विचारतं. आठ पॉइंट दोन. काळी वायर म्हणजे परतीची वाट. या व्हॅनमध्ये प्लस मोटरला थेट येतो आणि खटका मायनसच्या बाजूला बसलाय. चारावर खटका असताना त्या काळ्या वायरीवर शून्याच्या जवळपास काहीतरी दिसायला हवं. तिथे आठ उभे आहेत.

पोर बेरीज मांडतं. येण्याच्या वाटेत ०.३ गेले. मोटरला मिळाले ३.८. परतीच्या वाटेत ८.२. एकूण १२.३. बॅटरीने दिले तेवढेच. कुठेही पै इकडची तिकडे नाही. हा नियम गुस्ताव किर्खहॉफने १८४५ साली मांडला, तेव्हा तो विद्यार्थीच होता. कॉलेजच्या फळ्यावर तो बाणांनी आणि चिन्हांनी शिकवतात. इथे तो भज्यांच्या तेलाचा डाग पडलेल्या पुठ्ठ्यावर आहे, आणि पोर तो रोज वापरतं.

पंख्याला चार व्होल्टही मिळत नाहीत. बाकीचे आठ परतीच्या वाटेत कुठेतरी अडलेत. आता त्या वाटेने चालत जायचं.

खटक्याची पाठ बाहेर येते. खटक्यात शिरणाऱ्या वायरीवर सुई: ८.१. खटक्यातून बाहेर पडणाऱ्यावर: ८.०. खटका सुटला. वाटेतला कपलर जरा तपकिरी झालाय, मिस्त्री तो नाकाशी नेऊन हुंगतो, जळका वास नाही. पुढे. काळी वायर टेपच्या गुंडाळीत शिरते आणि डावीकडे, दाराच्या खांबाखाली उतरते. मिस्त्री पायदानातली चटई ओढतो. चटई पिळली तर तांब्याभर पाणी निघेल. तिच्याखालचा कापूसही भिजलेला. एक प्लॅस्टिकची पट्टी निघते. पट्टीमागे वायर संपते. टोकाला गोल थिंबल, थिंबलमधून बोल्ट, बोल्ट बॉडीत.

बोल्ट म्हणायचा. दिसतो तो गंजाचा पोपडा. वर हिरवट-पांढरी बुरशी चढलीय. थिंबलची कड तेवढी चमकतेय.

सुई थिंबलवर: ७.९.

सुई दोन बोटं सरकते, पत्र्यावरचा रंग खरवडून बॉडीवर टेकते: ०.०.

कोणी काही बोलत नाही. बाईसुद्धा उठून बघायला आलीय. दोन बोटांच्या अंतरात जवळजवळ आठ व्होल्ट.

"हात लाव," मिस्त्री ड्रायव्हरला म्हणतो.

ड्रायव्हर बोट टेकवतो आणि झटकन मागे घेतो. "तापलो हा मेलो!"

तापणारच. करंट आठ अँपियर धरला, तरी त्या बोल्टाच्या तोंडाशी साठ वॅटच्या वर उष्णता सुटतेय. मिस्त्रीच्या बाकड्यावरची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची आहे. पंख्याला जे हवं होतं ते गंज पितोय. आणि फ्यूज? त्याची काही चूक नाही. करंट जास्त झाला तर त्याने जळायचं असतं. इथे करंट कमीच झालाय. असा बिघाड फ्यूजला दिसत नाही. ड्रायव्हरने डब्यातले सगळे फ्यूज बदलले असते तरी हाच पंखा असाच कण्हत राहिला असता. खड्डा आला की बोल्ट हलतो, गंजाखालचं धातूचं टोक क्षणभर टेकतं, पंखा फिरतो. पुन्हा सुटतं.

मिस्त्रीचं काम इथे संपत नाही. बोल्ट गंजला तो पाण्याने. पाणी आलं कुठून? तो बाहेर येतो, पुढच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी जी जाळी असते तिच्यात बोटं घालतो. आंब्याची पानं, फणसाची पानं, माती. मातीत एक कोंब फुटलाय. पावसाचं पाणी या जाळीखालच्या खाचेतून दोन्ही बाजूंना निथळून जमिनीवर पडायचं. डावीकडचं भोक पानांनी बुजलंय. पाणी तुंबतं, आणि वाट मिळेल तिकडे, म्हणजे केबिनमध्ये, उतरतं.

"गाडी खंय लावतंस?"

"घराकडे. आंब्याखाली."

"आणि दिवसा?"

"देवबागाक. तारकर्लेक. पर्यटक सांगतत, पाण्याच्या जवळ घे, फोटो काढूचे आसत."

मिस्त्री बोल्टाकडे बघतो. आंब्याची पानं आणि समुद्राचं मीठ, दोघांनी मिळून हे काम केलंय. थिंबल पितळेची, वर कथलाचा मुलामा. बॉडी लोखंडाची. दोन वेगळे धातू, मधे खारं पाणी. म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात झिजतं ते लोखंड. साध्या पाण्यानेही गंज चढतो, मिठाने तो घाई करतो. घाटावरच्या गाडीला जे दहा वर्षांत होतं, ते किनाऱ्यावरच्या गाडीला निम्म्या काळात होताना इथले मिस्त्री बघत आलेत. म्हणून मालवण-वेंगुर्ल्याच्या गाडीत पंखा बंद असो, लाइट मंद असो की इंडिकेटर वेडावाकडा लुकलुको, त्यांचा हात आधी अर्थिंगकडे जातो. तरी ते मोजतात. अंदाज बरोबर असला तरी मोजतात.

बॅटरीचा मायनस सुटतो. दहाचा पाना लागतो, बोल्ट हलत नाही. डिझेलचे थेंब, पाच मिनिटं वाट. त्या वेळात पोराने रिक्षाचा सेल्फ जोडलाय. रिक्षा एका खटक्यात सुरू होते, सगळे तिकडे बघतात. रिक्षावाला पैसे मोजून देतो, भज्यांचा शेवटचा तुकडा उचलतो आणि निघतो. पिकअप एक जागा पुढे सरकते.

बोल्ट करकरत निघतो. थिंबल कापून टाकली जाते. वायर चार बोटं मागे सोलली, तर तांब्याच्या तारा आत काळ्या. आणखी चार बोटं. आता लालसर चमक दिसते. नवीन थिंबल, पकडीने दाबून, वर सोल्डर, वर स्लीव्ह. बॉडीवरचा गंज आधी कानशीने, मग पॉलिश पेपरने. घासता घासता पत्रा पांढरा होतो. नवा बोल्ट, दातेरी वॉशर. दाते पत्र्यात रुततात, ते रुतायलाच हवेत. वर ग्रीसचा जाड लेप. एक जादा वायर दुसऱ्या, कोरड्या जागेच्या बोल्टाला. पोर दरम्यान जाळीतली पानं उपसतंय. तार घालून भोक मोकळं करतं. वरून मगभर पाणी ओततं. पाणी गाडीखाली धार धरून पडतं. ड्रायव्हर वाकून ती धार बघतो.

बॅटरी जुळते. किल्ली. खटका चारावर.

वारा सुटतो. डॅशबोर्डवरचे कागद उडतात, आरशाला लटकवलेला गणपती झोके घ्यायला लागतो. मिस्त्री हसत नाही, मीटर मागतो. मोटरची निळी वायर, ११.६. काळी, ०.२. पोर पुठ्ठ्यावर आधीच्या आकड्यांशेजारी हे लिहितं. एका रकान्यात ८.२, दुसऱ्यात ०.२. मग तीन, दोन, एक. प्रत्येक नंबरावर आवाज एकेक पायरी उतरतो. रेझिस्टन्सची पट्टी शाबूत आहे.

"मोटर परत घेतलो काय तो?" ड्रायव्हर खोका उचलतो.

"सील आसा तर घेतलो. तुटलेला सील परत घेणत नाय, पाटीच आसा तेच्या दुकानात. सात वाजता शटर ओढता. बिगीन जा."

पैसे दिले-घेतले जातात. थिंबल, बोल्ट, वायर यांचे थोडे, मजुरीचे बाकीचे. मोटरच्या किमतीपुढे ते किरकोळ आहेत, म्हणून ड्रायव्हर घासाघीस करत नाही. मिस्त्री त्याला दोन गोष्टी सांगतो: दर आठ दिवसांनी जाळी साफ करायची, आणि गाडी वाळूत घालायची नाही.

"गिऱ्हाईक सांगतत मा पण."

"मगे परत येतलंस."

बाई छत्री मिटून पुढच्या सीटवर बसते. इंजिन सुरू होतं. ड्रायव्हर पट्टीवरचा खटका निळ्यावरून लालवर सरकवतो. काच खालून वर साफ होत जाते, फडक्याचे फराटेही पुसले जातात. कुडाळचा रस्ता काचेतून लख्ख दिसतो. ऊन पुन्हा पडलंय, डांबर पुन्हा वाफाळतंय. व्हॅन अजून अंगणातून बाहेर पडलेली नाही, तोच आतून बाईचा आवाज येतो.

"उकाडता रे बाबा! बंद कर ता."

"चालू रवांदे!" मिस्त्री पडवीतून ओरडतो. "कुडाळापर्यंत चालू रवांदे, बघूया बंद पडता काय ता!"

बाई काच खाली करते. व्हॅन महामार्गाला लागते. मिस्त्री पिकअपच्या मागच्या बाजूला जाऊन लाइटचं भिंग काढतो. आतून मासळीचं पाणी ओघळतं. तो टेस्ट लॅम्पचा चिमटा मागतो आणि आधी अर्थिंग शोधायला लागतो.